‘छातीवर कोनी बशेल शे’

माझी मावशी पारोळ्याकडची. वय सत्तरीच्या पुढे, जन्मभर कापूस वेचलेला, शाळेची पायरी कधी चढलेली नाही. तीन पावसाळ्यांपूर्वी तिला रात्रीची झोप येईना, म्हणून मी तिला एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. ओपीडीत आमच्या पुढे साठेक माणसं होती. नंबर लागला तेव्हा टेबलामागे एक तरुण डॉक्टर बसले होते, परराज्यातून शिकायला आलेले. सकाळपासून बोलून त्यांचा घसा बसला होता. त्यांनी हिंदीत विचारलं, काय त्रास आहे? मावशीने पदर सावरला आणि अहिराणीत सांगितलं, “रातले आडी पडनी का छातीवर कोनी बशेल शे असं वाटस.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मागे रांग होती, मी घाईने हिंदीत सांगून टाकलं: छाती जड वाटते, झोप लागत नाही. केसपेपरवर इंग्रजीत दोन शब्द उमटले. एक आम्लपित्ताची गोळी, एक झोपेची. आम्ही औषधाच्या खिडकीकडे निघालो.

दारापाशी उभ्या असलेल्या सिस्टर साक्रीकडच्या होत्या. मावशीचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं. त्यांनी तिचा दंड धरला आणि विचारलं, “उठीसन बसनी का मंग बरं वाटस का वं माय?”

मावशी म्हणाली, “हाव. दोन उश्या लावस तवय डोया लागस.”

सिस्टर तिला परत आत घेऊन गेल्या. पुढच्या तासाभरात कार्डिओग्राम झाला, दुसऱ्या दिवशी इको झाला. मावशीचं हृदय कमजोर झालं होतं आणि फुप्फुसांत पाणी साठू लागलं होतं. आडवं झालं की पायांकडचं रक्त छातीकडे परततं. धडधाकट हृदय ते पुढे ढकलतं, थकलेलं हृदय ढकलू शकत नाही, आणि रक्तातला द्रव फुप्फुसांत पाझरतो. माणूस उठून बसला की भार उतरतो. रुग्ण झोपताना किती उश्या घेतो हे डॉक्टरांनी विचारावं, असं वैद्यकाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. मावशीने पहिल्याच वाक्यात सगळं सांगितलं होतं. ‘रातले आडी पडनी का’ हे तिचे शब्द मी भाषांतरात गाळले होते, आणि निदान नेमकं त्याच शब्दांत होतं.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. दुखणं माणसाच्या बोलीत असतं, रोग केसपेपरवर असतो, आणि या दोहोंमधलं अंतर कोण कसं ओलांडतं, हे शोधत मी गेली दोन-तीन वर्षं जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत हिंडतो आहे. जगभर या शोधाला एक नाव मिळालेलं आहे. मराठीत त्याला वैद्यकीय मानव्यविद्या म्हणता येईल. साहित्य, चित्र, नाटक, इतिहास, तत्त्वज्ञान यांच्या मदतीने आजार आणि वैद्यक समजून घेणं, असा त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात त्वचारोगतज्ज्ञ आयर्विन ब्रेव्हरमन यांनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात नेऊन चित्रांसमोर उभं केलं. चित्र पाहायला शिकलेले विद्यार्थी रुग्णाच्या अंगावरच्या खुणाही अधिक बारकाईने टिपतात, असं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001मध्ये दाखवून दिलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रीटा शॅरन या डॉक्टरीणबाईंनी रुग्णाची गोष्ट ऐकण्याचं रीतसर शिक्षण सुरू केलं. आपल्याकडे दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये 2009पासून असा गट आहे. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांची शोषितांची रंगभूमी या गटाने डॉक्टरांच्या शिक्षणात आणली. 2019पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे धडे सक्तीचे झाले, आणि सुरुवातीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषा शिकवण्याची तरतूदही आली.

ती तरतूद आमच्या भागासाठी फार मोलाची आहे. धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1989चं, जळगावचं 2018चं. सरकारी महाविद्यालयांतल्या एमबीबीएसच्या पंधरा टक्के जागा देशभरातून भरल्या जातात. केरळचा, राजस्थानचा, बिहारचा मुलगा इथे येतो आणि मोठ्या कष्टाने मराठी शिकतो. पण वॉर्डात त्याला जी भेटते ती पुस्तकातली मराठी नसते. धुळे, साक्री, अमळनेर, पारोळा, चाळीसगावकडे अहिराणी. रावेर, यावल, भुसावळकडे लेवा बोली. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा-शिरपूरकडून येणाऱ्यांची पावरी, भिलोरी. तांड्यावरून येणाऱ्यांची गोरबोली. पुण्याचा मुलगाही इथे पहिले सहा महिने परका असतो. ‘पोटमा आग पडस’, ‘जीव घाबरस’, ‘तोंडले चव नही’ या तक्रारींचा अर्थ शब्दकोशात मिळत नाही. ‘जीव घाबरस’ म्हणजे छातीतली धडधड असू शकते, मळमळ असू शकते, साखर उतरलेली असू शकते, किंवा घरात काही झालेलं असू शकतं. विचारल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

---

येलच्या त्या विद्यार्थ्यांची गोष्ट वाचली तेव्हा मला पहिल्यांदा अजिंठा आठवलं. लेणी जळगाव जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे आहेत, पण जळगाव स्टेशनपासून साठेक किलोमीटर. आमच्या लहानपणी शाळेची सहल तिथेच जायची. गेल्या हिवाळ्यात ओळखीच्या दोन इंटर्न मुलांना मी म्हटलं, चला, एक पेशंट दाखवतो.

सोळावं लेणं वाकाटक काळातलं, पाचव्या शतकातलं. वाकाटक राजा हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने ते कोरवून घेतलं. चपला बाहेर काढून आत गेलं की डोळ्यांना काही दिसायला थोडा वेळ लागतो. फ्लॅशला बंदी, मंद उजेड, भिंतींचा गिलावा जागोजागी निखळलेला. डाव्या भिंतीवर एक चित्र आहे. जगभर ते ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नावाने ओळखलं जातं.

मी मुलांना एकच अट घातली. काय वाटतं ते सांगायचं नाही, फक्त काय दिसतं ते सांगायचं.

सुरुवात अडखळतच झाली. एक बाई आहे. बसली आहे, नाही, टेकली आहे. मान? मान खाली झुकलेली. डोळे? अर्धे मिटलेले. मिटलेले की मिटत आलेले? मुलगा पुढे सरकला, परत पाहिलं, म्हणाला, मिटत आलेले. हात? हात सुटलेला आहे, बोटांत जोर नाही. मग मुलीचं लक्ष भोवतालच्या बायकांकडे गेलं. मागून एकीने आधार दिलेला आहे. एक पंखा घालते आहे. एकीने तिचा हात धरलेला आहे आणि ती तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहते आहे. मुलगी एकदम म्हणाली, “ही नाडी पाहतेय!”

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन इथल्या चित्रांच्या नकला केल्या. 1872पासून पुढे तेरा वर्षं ते काम चाललं. त्यांनाही त्या धरलेल्या हातात नाडीपरीक्षाच दिसली होती. या चित्रापेक्षा अधिक भाव फ्लॉरेन्स आणि व्हेनिसच्या चित्रकारांनाही आणता आला नसता, असं त्यांचं मत होतं.

मग मी विचारलं, निदान काय? मुलं आता रंगात आली होती. मूर्च्छा. रक्तदाब उतरलेला. पांडुरोग असेल. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव असेल. दोघांनी मिळून पाच-सहा शक्यता मांडल्या, आणि पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने त्यातली एकही चुकीची नव्हती.

“आता जरा बाजूला पाहा,” मी म्हटलं.

बाजूला एक माणूस उभा आहे. त्याच्या हातात मुकुट आहे.

हा मुकुट नंदाचा, बुद्धाच्या सावत्र भावाचा. नंदाने घर सोडलं, संन्यास घेतला, आणि त्याचा मुकुट घेऊन सेवक परत आला आहे. मुकुट आला, मुकुट घालणारा आला नाही. नंदाची बायको सुंदरी हे पाहून कोसळली आहे. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्याचा विषय हीच कथा आहे. ती राजकन्या मरत नाहीये. ‘मरणोन्मुख’ हे नाव, कथा ठाऊक नसताना नुसतं शरीर पाहून चित्राला चिकटलं, आणि कथा कळल्यावरही सुटलं नाही. चित्रकाराने मात्र आजाराचं कारण आजाऱ्याच्या शेजारीच रंगवून ठेवलं होतं.

दोन्ही मुलं बराच वेळ काही बोलली नाहीत. चौकीदाराने वेळ झाल्याची खूण केली. बाहेर वाघूर नदीच्या वळणावर ऊन पडलं होतं. पायऱ्या उतरताना मुलगा म्हणाला, “सर, आमच्या वॉर्डात मुकुटवाला माणूस बाहेरच्या बाकावर बसलेला असतो. आम्ही त्याला व्हिजिटिंग अवर संपला म्हणून हाकलतो.”

---

चित्र पाहण्यासाठी अजिंठ्याला जावं लागतं. गाणं मात्र इथल्या घराघरांत होतं. जळगावजवळच्या आसोद्याला 1880मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात त्या नांदल्या, तिशीत विधवा झाल्या, पदरी तीन मुलं. प्लेगच्या साथीत त्यांचा मुलगा ओंकार वाचला, पण कायमचा अपंग होऊन. त्यांनी जात्यावर, शेतात रचलेली गाणी मुलगा सोपानदेव याने आणि घरच्यांनी टिपून ठेवली, म्हणून 1952मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, ती पुस्तकात आली. आज आमच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे.

प्लेगवर त्यांचं गाणं आहे. प्लेगला त्या ‘पिलोक’ म्हणतात. मला या एका शब्दासमोर थांबावंसं वाटतं. 1896मध्ये मुंबईत प्लेग आला आणि रेल्वेने, धान्याच्या पोत्यांबरोबर, आतल्या मुलखात पसरला. आधी उंदीर मरायचे. मेलेल्या उंदरावरच्या पिसवा माणसाकडे वळायच्या. जांघेत, काखेत गाठ यायची, तापाने माणूस बडबडायचा, आणि काही दिवसांत निकाल लागायचा. जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. इकडे खेड्यांत उपाय एकच होता: उंदीर पडले की गाव सोडायचं, शेतात झोपड्या बांधायच्या. सरकारी अहवालांत या काळाचे आकडे आहेत, कोणत्या गावात किती मेले याचे. त्या झोपड्यांत माणसं एकमेकांना कशी भेटत होती, हे अहवालात नाही. ते बहिणाबाईंच्या गाण्यात आहे. साहेबाच्या तोंडचा शब्द त्यांनी आपल्या जिभेवर आणून घासला, ‘पिलोक’ केला, आणि मग त्याच्याविषयी बोलायला त्या मोकळ्या झाल्या. गाठ म्हणजे काखेतली गाठ आणि गाठ म्हणजे माणसाची भेट, हे दोन अर्थ आपल्या भाषेत एकाच शब्दात शेजारी राहतात. प्लेगच्या दिवसांत ते दोन्ही एकदमच खरे असत.

जातं गेलं, तशी दळताना दुखणं सांगायची जागाही गेली. सासूचा जाच, लेकराचा ताप, पाळी चुकल्याची भीती, हे सगळं पहाटे जात्यावर बोललं जायचं आणि शेजारच्या घरात ऐकू जायचं. आता ते कुठे बोललं जातं? माझ्या पाहण्यात ते ओपीडीच्या रांगेत बोललं जातं. दोन अनोळखी बाया तासाभरात एकमेकींना सगळं सांगून टाकतात आणि आत गेल्यावर डॉक्टरांसमोर मुक्या होतात. रांगेत एक फेरी मारणाऱ्या डॉक्टरला निम्मी हिस्टरी तिथेच मिळेल.

---

प्लेगचं दुखणं जसं गाण्यात सापडतं, तसंच देवीच्या रोगाचं कादंबरीत. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. 1963मध्ये आलेल्या त्यांच्या ‘कोसला’त नायक पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी देवीने जाते. पुस्तकाचा तो भाग मी कॉलेजात असताना वाचला आणि त्या रात्री जेवलो नाही. पुढे अनेकांनी हाच अनुभव सांगितला. शोकाचे गहिवर काढणारं पुष्कळ लिखाण आपल्याकडे आहे. इथे एका शिकलेल्या, वैतागलेल्या मुलाचा संताप आहे, आणि त्या संतापाला टेकायला जागा नाही.

आता तारखा शेजारी ठेवून पाहू. मुंबईत पहिल्यांदा देवीची लस टोचली गेली ती 14 जून 1802 रोजी, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. म्हणजे ‘कोसला’ प्रसिद्ध झाली तेव्हा लस या प्रांतात येऊन 161 वर्षं झाली होती. लस होती आणि मनीही मरत होती. हे कसं, याचं उत्तर फक्त जीवशास्त्रात सापडत नाही. रोगाचं नाव देवी आणि घरातल्या पूजेचं नावही देवी. अंगावर फोड आले म्हणजे बाई घरात आली. मग फोडणी द्यायची नाही, दाराला कडुनिंबाचा डहाळा, मोठ्याने बोलायचं नाही, आणि तिला टोचून डिवचायचं तर मुळीच नाही. सरकारी टोचणाऱ्यालाही लोक ‘देवीचा डॉक्टर’च म्हणायचे आणि टोचण्याला ‘देवी काढणं’. शहाण्या टोचणाऱ्यांनी या शब्दांशी भांडण केलं नाही. शेवटच्या मोहिमेत कार्यकर्ते खिशात एक कार्ड ठेवत. त्यावर देवीचे फोड आलेल्या बाळाचं चित्र असे. बाजारात, शाळेत, पाणवठ्यावर ते चित्र दाखवून विचारायचं, असं कुणाच्या घरी आहे का? लिहिता-वाचता न येणारी म्हातारीही बोट दाखवून घर सांगायची. भारतातला शेवटचा रुग्ण मे 1975मध्ये नोंदला गेला आणि 1980मध्ये जगातून हा रोग गेल्याची घोषणा झाली. लसीइतकंच, सुयांइतकंच त्या खिशातल्या चित्राचंही काम त्यात आहे.

साने गुरुजींबद्दल इथे थोडक्यातच लिहितो, कारण त्यांच्याबद्दल मराठी वाचकाला सगळं ठाऊक असतं. 1924 ते 1930 ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते आणि छात्रालय सांभाळत होते. मुलगा आजारी पडला की त्याच्या उशाशी बसणं हे ते मास्तरकीचंच काम समजत. पुढे 1933मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. आपण ती संस्कारांचं पुस्तक म्हणून वाचतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ती एका गरीब घरातल्या दीर्घ आजारपणाची नोंद म्हणून वाचून पाहावी. पैसे नाहीत, कर्ज आहे, औषध हाताशी नाही, मुलगा दूर शिकायला आहे आणि वेळेवर पोचत नाही. शिरपूरच्या किंवा चोपड्याच्या वॉर्डात आज दाखल असलेल्या कितीतरी बायांची हीच केस आहे.

आणि एक गोष्ट, जी खान्देशातल्या डॉक्टरांनाही फारशी माहीत नसते. 1907मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले शल्यचिकित्सक, वनस्पतिशास्त्राचे जाणकार. मेजर बसूंबरोबरचा त्यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ 1918मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, बाहेर पडला. या डॉक्टरांसमोर धरणगावात जन्मलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलाने कविता म्हटल्या, आणि त्यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे नाव मागे पडलं, बालकवी राहिलं. डॉक्टरने कवींच्या मेळ्याचं अध्यक्ष असणं त्या काळी कुणाला नवलाचं वाटलं नाही.

5 मे 1918 रोजी जळगाव-भुसावळच्या मधल्या भादली स्टेशनापाशी रेल्वेखाली बालकवींचा मृत्यू झाला. वय अठ्ठावीसही पुरं नव्हतं. त्या मृत्यूविषयीच्या तर्कांत मला शिरायचं नाही. त्यांच्या कवितांत मात्र आनंदाइतकीच गडद उदासी आहे, कारण न सापडणारी, आणि ‘उदास’ हा शब्द आमच्या भागात आजही डिप्रेशनला सर्वांत जवळचा आहे. मानसोपचाराच्या ओपीडीत खेड्यातला माणूस ‘मला नैराश्य आलंय’ असं कधी म्हणत नाही. डोकं जड आहे, हातपाय गळाले, कामात मन नाही, असं तो सांगतो. बालकवी वाचलेल्या डॉक्टरला त्या ‘कामात मन नाही’वर थोडं अधिक थांबता येईल, अशी मला आशा आहे. थांबता आलं, तर तो माणूस पुढचं बोलेल.

इथेच एक सावधगिरी मला स्वतःला बजावावीशी वाटते. चाळीसगावला स्टेशनसमोर केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय. 1912 ते 1989 हा त्यांचा काळ. मोठे छायाचित्रकार, टेबलावर छोट्या वस्तू मांडून आख्खा देखावा उभा करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. इंग्लंडहून परतल्यावर सुमारे पन्नास वर्षं ते घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. गावात त्यामागे एक प्रेमकथा सांगतात, पंजाब मेलची आणि वाट पाहण्याची. मी तिथे तीनदा गेलो. पहिल्या वेळी मला तो एकांत फार सुंदर वाटला. तिसऱ्या वेळी एक मानसोपचारतज्ज्ञ मित्र बरोबर होता. त्याने सगळी चित्रं पाहिली आणि हळूच म्हणाला, “माणूस एकटा होता रे.” आजाराला नाव दिलं की माणूस नाहीसा होतो, ही माझी नेहमीची तक्रार. पण आजाराची कविता केली तरी माणूस नाहीसा होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्या मित्राने केकींना रोगाचं नावही दिलं नाही आणि त्यांची आख्यायिकाही केली नाही. तो फक्त जेवणाच्या टेबलापाशी बराच वेळ उभा राहिला.

---

सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा आणि भिल्ल कुटुंबांत सिकलसेलचा आजार आहे. रक्तातल्या गोल, लवचीक तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे असह्य कळा येतात. हाडांत, पाठीत, पोटात. 1910मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या रक्तात दिसलेल्या या पेशींचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्यांच्या आकाराला विळ्याची उपमा दिली. ती उपमाच पुढे रोगाचं नाव झाली. आमच्याकडे तिचं भाषांतर रुळलं नाही. ‘सिकलसेल’ हा शब्द पाड्यापाड्यावर तसाच पोचला, ‘शिकल’ होऊन.

शिरपूरकडच्या एका पाड्यावर मी एका आशाताईंना समजावताना पाहिलं. समोर पंचवीस-तीस बायका, काहींच्या मांडीवर लेकरं. ताईंनी कमरेचा विळा काढला आणि जमिनीवर ठेवला. म्हणाल्या, रक्तात असे विळे होतात. बारीक नळीतून मणी गडगडत जातो, विळा जाईल का? एका म्हातारीने मान हलवली आणि आपल्या नातवाच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला कळलं होतं. या मुलाचं रडणं नाटक नाही, शाळा बुडवण्याचं निमित्त नाही, आत विळा अडकलाय.

मग ताईंनी चवळीचे आणि मुगाचे दाणे काढले. आईचे दोन, बापाचे दोन. दोघांकडेही एक बरा आणि एक विळ्याचा दाणा असेल, म्हणजे दोघंही नुसते वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता की बाळाच्या वाट्याला दोन्ही विळ्याचे दाणे येतील. ‘प्रत्येक खेपेला’ हे त्यांनी तीनदा सांगितलं, कारण एक आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब लोक हमखास करतात. बायकांनी स्वतः दाणे उचलून पाहिले. दोन बहिणींमध्ये त्यावरून वाद झाला, एकीने पाच वेळा दाणे टाकले आणि दोनदा लागोपाठ वाईटच आलं. ती गप्प झाली. तिची दोन्ही मुलं आजारी आहेत, हे मला नंतर समजलं. लग्नाआधी रक्त तपासा, हे सांगायची गरज ताईंना त्या दिवशी पडली नाही. ते त्या बाईनेच इतरांना पावरीत सांगितलं.

वॉर्डात अशा मुलाला कळा येतात तेव्हा शून्य ते दहा यांपैकी दुखणं किती, असं विचारतात. आकडा औषधाची मात्रा ठरवायला लागतोच, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण एका बारा वर्षांच्या मुलाने त्या प्रश्नावर काहीच उत्तर दिलं नाही. वहीचा कागद घेऊन त्याने पाय काढला आणि गुडघ्याच्या जागी पेन्सिल इतकी घासली की कागद फाटला. तो कागद तिथल्या सिस्टरनी केसपेपरला टाचणी लावून जोडला. सकाळच्या राउंडला मोठ्या डॉक्टरांनी पाहिला आणि वेदनाशामक वाढवलं.

---

अजिंठ्याला बरोबर आलेल्या त्या दोघांपैकी मुलगी आता मेडिसिन वॉर्डात काम करते. परवा तिला भेटायला गेलो तेव्हा ती एका म्हाताऱ्या बाबांची हिस्टरी घेत होती. बाबा अमळनेरकडचे, धोतर, डोक्याला पंचा. मुख्य तक्रार रुग्णाच्याच शब्दांत लिहावी, असा नियम प्रत्येक पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर असतो, आणि तो सहसा इंग्रजीत पाळला जातो. तिने केसपेपर सरळ केला आणि देवनागरीत लिहायला सुरुवात केली. बाबा बोलत होते, ती लिहीत होती. अर्ध्यावर तिचं पेन थांबलं. तिने माझ्याकडे न बघता बाबांनाच विचारलं, “बाबा, परत एकदा सांगा ना, हळू.”

बाबांनी घसा खाकरला, बसल्या जागी जरा पुढे सरकले, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.